गुंतवणूकदाराचं स्थळ

पहिल्या गुंतवणूकदाराने सगळी टोकनं विकून टाकल्याचं सोमवारी सकाळी कळलं. विकण्यावरची वर्षाची बंदी रविवारी संपली होती. दुपारपर्यंत टोकनचा भाव मातीमोल झाला. औरंगपुऱ्यात चपलांच्या दुकानाच्या वर ही टोकनं काढणारी शिवराजची क्रिप्टो कंपनी होती. दुसरा गुंतवणूकदारही असाच निघाला तर तिला कुलूप लावावं लागणार होतं.

दुसरा पैसे घालायला तयार होता. गोकुळ, मूळचा फुलंब्रीचा, आता बंगळुरात. त्याने पैसे घातलेल्या कोणत्या कंपन्या वर आल्या, ते शिवराजने कागदावर मांडलं. वडील बद्रीनाथरावांनी कागद वाचून बाजूला ठेवला.

"वर आलेले चांगलंच बोलतेल. बुडालेल्यांना इचार, हा शेवटपर्यंत फोन उचलीत व्हता का नाय."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं, आबा?"

"तुझ्या आईनं. तुझ्या बहिणीला, प्रेरणाला, स्थळ आलं की ती आधी जिथं त्या पोराची सोयरीक मोडली व्हती, त्या घरी जायची."

मनकर्णाबाईंना जाऊन सात महिने झाले होते. शिवराजने बुडालेल्या तीन कंपन्यांच्या मालकांना फोन लावले. गोकुळ फोन उचलायचा, असं तिघांनीही सांगितलं. एक म्हणाला, अजून उचलतो आणि लवकर ठेवत नाही.

बद्रीनाथरावांचं तेवढ्यावर भागलं नाही. ते फुलंब्रीला गेले. मुलगा रागीट आहे का, हातातलं काम अर्धवट टाकतो का, हे त्यांनी चहाच्या हॉटेलात, न्हाव्याकडे आणि पिठाच्या गिरणीवर विचारलं. मुलगी कुणाची, असं गिरणीवाल्याने विचारल्यावर ते नुसते हसले. लग्नाची चौकशी म्हटली की लोक खरं बोलतात, असा त्यांचा अनुभव होता.

गोकुळ पस्तिशीचा होता आणि दोन वर्षांत त्याची चौकशी कुणी केली नव्हती. चौकशीची बातमी ऐकून गुरुवारी त्याची आई आशाबाई दोन जावांना घेऊन ऑफिसचा जिना चढून आल्या.

"पोरगी कुठंय?"

बद्रीनाथरावांना खरं सांगावं लागलं. जावा उठून उभ्या राहिल्या. आशाबाई बसूनच राहिल्या आणि त्यांनी पाणी मागितलं. पाच कॉम्प्युटरच्या त्या ऑफिसात पेला नव्हता. शिवराजने डब्याच्या पिशवीतून स्टीलचा पेला काढला, दोनदा विसळला आणि भरून दिला. आशाबाईंनी पेल्यावर कोरलेलं नाव वाचलं.

"मनकर्णाबाई कोण?"

"माझी आई. दिवाळीत गेली."

आशाबाई पाणी प्यायल्या. मग खाली उतरून अर्धा तास चपलांच्या दुकानात बसल्या. वरचा पोरगा कसा आहे, कुणाशी भांडतो का, भाडं वेळेवर देतो का, हे सगळं त्यांनी दुकानदाराला विचारलं.

संध्याकाळी गोकुळचा फोन आला. शिवराजने तो स्पीकरवर घेतला.

"आई व्हय म्हणली. पण तिची एक अट आहे. माझ्यासाठी पोरगी आता तुमच्या घरानंच बघायची."

बद्रीनाथरावांनी होकारार्थी मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात सह्या झाल्या. तीन वर्षं टोकन विकणार नाही, असं गोकुळने लिहून दिलं. मुलगी बघायची राहिली आहे. ते काम मनकर्णाबाईंचं होतं.