दुरुस्त केलेली जादू

"या दोन तिकिटांच्या पैशांत दोन चांगली कुलपं आली असती," चपला पायात सरकवत किल्लीमामा म्हणाले.

"आणि संध्याकाळभर आपण त्या कुलपांकडे बघत बसलो असतो! खिसे रिकामे करा बघू," मामी म्हणाल्या.

मामांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून अख्खी गल्ली त्यांना किल्लीमामा म्हणायची. माणूस सरळ, पण हाताला चैन नाही. कुणाकडे आजारी माणसाला भेटायला गेले, तरी निघताना दाराची कडी नीट करून यायचे. करमणुकीवर खर्च करणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं, हे त्यांचं ठाम मत. मामींना मात्र लग्न झाल्यापासून एकच हौस होती. नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून एखादा खेळ बघायचा. शेवटी गावात जादूगार आला तेव्हा त्यांनी पैज लावली. मामांना मजा आली, तर दर महिन्याला बाहेर जायचं. नाही आली, तर मामींनी जन्मात पुन्हा हा विषय काढायचा नाही.

मामांच्या खिशांतून पेचकस निघाला, कानस निघाली, तारांचे तुकडे निघाले. मामींनी सगळं जप्त केलं. "आज तुम्ही गिऱ्हाईक आहात, कारागीर नाही. कळलं?"

नाट्यगृह खचाखच भरलं होतं. मामींनी दुपारभर खपून अंबाडा घातला होता आणि त्यांच्या मनात आनंद नुसता मावत नव्हता. पडदा उघडला. जादूगाराने रुमाल झटकला, त्यातून कबुतर उडालं.

"बाहीत होतं," मामा म्हणाले.

"गप्प बसा हो!"

पण हळूहळू मामा खुर्चीत पुढे सरकायला लागले होते. मामींनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलं. पैज जिंकल्यातच जमा होती. आणि तेवढ्यात स्टेजवर एक भलीमोठी लाकडी पेटी आली.

"मी या पेटीत बसणार!" जादूगार गरजला. "बाहेरून कुलूप लागणार! आणि तुमच्या डोळ्यांदेखत मी बाहेर येणार! कुलूप लावायला कुणी येईल का?"

मामींनी बाही धरेपर्यंत मामा स्टेजवर पोहोचलेसुद्धा. जादूगार पेटीत शिरला, झाकण बसलं, मामांनी कुलूप अडकवलं. मग ते जरा खाली वाकले, तिथेच काहीतरी खुडबुड केली, आणि टाळ्या घेत जागेवर परतले. पेटीसमोर लाल कापड आलं, ढोल वाजायला लागला.

"एवढा वेळ काय करत होतात?" मामींनी विचारलं.

"अगं, कोयंडाच ढिला होता. आतून नुसतं ढकललं असतं तरी निखळून हातात आला असता! मघाशी दारात सोडा घेतला, तेव्हा सोडावाल्याने सुटं नाणं परत दिलं होतं ना, त्यानेच स्क्रू आवळून टाकले. फुकटात करून दिलं काम."

मामींचा चेहरा पांढरा पडला. "अहो, तीच तर जादू होती!"

ढोल वाजतच राहिला. कापडामागून आधी टकटक ऐकू आली, मग धडधड, मग लाथा. लोक शिट्ट्या मारायला लागले. जादूगाराची बायको, म्हणजे इतका वेळ हसतमुखाने कबुतरं पकडणारी बाई, हसू तसंच ठेवून स्टेजच्या कडेला आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "अहो काका, काय करून बसलात? काढा त्याला बाहेर!"

"किल्ली द्या, लगेच काढतो."

"किल्ली कुणाकडे आहे? कधी लागलीच नाही ती!"

मामा धावले. मामीही पदर खोचून मागोमाग. नाणं उलटं फिरवून बघितलं, पण स्क्रू हलतील तर शपथ. मामांनी आवळलेली वस्तू पुन्हा ढिली होत नाही, तशी पाटीच होती दुकानावर. आतून आवाज आला, "अहो, गुदमरतोय मी!"

"घाबरू नका, लाकडाला फटी आहेत!" मामांनी पेटीला धीर दिला. मग मामींकडे वळून म्हणाले, "तार! एखादी तार तरी हवी गं!"

मामींनी एकदा मामांकडे बघितलं, एकदा समोरच्या गर्दीकडे. मग डोक्यामागे हात नेऊन अंबाड्यातला आकडा उपसला. दुपारभराची मेहनत क्षणात पाठीवर सुटली.

कुणीतरी कापड ओढलं. मामा गुडघे टेकून कुलपाला कान लावून बसलेले, मामी केस मोकळे सोडून "डावीकडे! जरा डावीकडे!" म्हणून ओरडताहेत, पेटी जागच्या जागी नाचतेय! प्रेक्षक खुर्च्यांवर चढले. खट्! कुलूप उघडलं, झाकण उडालं आणि घामाने निथळणारा जादूगार मामांच्या गळ्यात पडला. असा टाळ्यांचा कडकडाट त्या नाट्यगृहाने कधी ऐकला नसेल.

घरी जाताना मामांचे पाय जमिनीवर नव्हते. "काय खेळ झाला गं! पैसे वसूल!"

पैज मामींनी जिंकली होती. शिवाय जादूगाराने सांगून ठेवलं होतं, की लोकांना हाच खेळ आवडलाय, तेव्हा रोज या, तिकीट नको, पहिल्या रांगेत जागा. मामा रोज दुकान लवकर बंद करून "आवर, आवर!" म्हणत दारात उभे राहू लागले. रोज मामी पहिल्या रांगेत, रोज शेजारची खुर्ची रिकामी, आणि मामा स्टेजवर गुडघे टेकून. आठवडाभरात मामींना कबुतरंसुद्धा ओळखू लागली.

एक दिवस त्यांनी साठवलेल्या पैशांतून गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं आणली.

"वेडी का तू? तिकडे फुकट मिळत असताना?" मामा ओरडले.

"फुकट मिळतं तिथे तुम्ही स्टेजवर असता. हे पैसे गाण्याचे नाहीत. तुम्ही शेजारी बसण्याचे आहेत."

मामांनी जादूगाराला निरोप धाडला आणि निमूट मामींबरोबर निघाले. गाणं सुरू झालं, दिवे मंद झाले, मामी सुखाने मागे टेकल्या. एवढ्यात मामांनी कोपर टेकलं आणि त्यांच्या खुर्चीचा हात करकरला. एक स्क्रू ढिला होता. अंधारात त्यांचा हात अलगद खिशात गेला, या खिशातून त्या खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

सगळी सुटी नाणी मामींच्या मुठीत होती. दुसऱ्या हाताने त्यांनी मामांचा रिकामा हात घट्ट धरून ठेवला.