कागदावरचे सव्वाआठ ग्रॅम

माझ्या डब्यातल्या भाकरी मोजणारा एकच माणूस मी पाहिला, आमचे गलगली सर. धारवाडच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि मी प्रयोगशाळेत काचसामान धुवायची.

“अक्का, पीठ किती भाकरींचं मळलंत?”

“सहा.”

“डब्यात तर चार. बाकीच्या एल्ली होदवु?” गेल्या कुठं, हे ते नेहमी कन्नडातच विचारायचे.

“एक जळली, एक जाऊबाईंनी पळवली.”

“शाब्बास! माझी पोरं इतकं खरं सांगत नाहीत.”

पोरांना ते दरवर्षी एक प्रयोग घालायचे. पांढुरक्या पुडीतला प्राणवायू काढून घेतला की तिची पिवळी पूड होते आणि वजन घटतं. दहा ग्रॅम घेतली तर कागदावर, हिशेबानं, सव्वाआठ येते. गाळताना-धुताना थोडी जातेच, म्हणून हाती सहा आली तरी सर खूश. एकदा एकानं सव्वाआठच्या सव्वाआठ लिहून आणली. सरांनी त्याला हात जोडले. “देवा, वीस वर्षांत माझ्या हातून एवढी निघाली नाही. पाय कुठं आहेत तुझे?” आणि शून्य दिलं.

मी चौथी शिकलेली, पण हे सगळं मला ऐकून ऐकून कळत होतं. तेव्हा पुढं झालेली माझी चूक अडाणीपणाची नव्हे.

परीक्षेत पहिल्या दिवशी पूड करायची, ओव्हनमध्ये वाळवायची आणि दुसऱ्या दिवशी तोलायची. ओव्हन सहापर्यंत चालू ठेवणं माझं काम. त्या दिवशी हुबळीला भाचीचं बारसं होतं. सर ऑफिसात होते, पण मी विचारायला गेले नाही. मी चारलाच ओव्हन बंद केला आणि बस पकडली.

सकाळी सगळ्यांची पूड ओली, पाण्यानं जड. बाकीच्यांनी इतकी सांडली होती की ओली असूनही सव्वाआठच्या आत राहिली. कमला नावाच्या मुलीनं मात्र कणही वाया घालवला नव्हता. तिची नऊ भरली.

बाहेरगावचे परीक्षक ओरडले, “सव्वाआठच्या वर येतेच कशी? बाहेरची मिसळलीस! नापास!”

कमला रडायला लागली. सरांनी पूड चिमटीत धरून पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल ही भीती.

“ओव्हन लवकर बंद करायला मीच सांगितलं,” सर म्हणाले.

पूड परत वाळवली, साडेसात भरली, कमला पास झाली. सरांच्या नावावर शेरा बसला आणि परीक्षेच्या कामाला त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आज नको, उद्या, असं करत दहा वर्षं काढली.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, सगळे आपापल्या घरी गेले. सरांच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. ते प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले.

“अक्का, काही सांगायचं राहिलंय का?”

“नाही, सर. काय सांगायचं?”

ते तरीही बसून राहिले. मी नळ मोठा सोडला आणि धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायला घेतली.