काचेतलं पाणी

माझा हात थरथरत नाही, हे आधीच सांगून टाकते! एकोणीस वर्षं मी लोकांच्या दाढांमध्ये सुया घालतेय. समोरचा पेशंट किंचाळू दे, खुर्चीसकट उलटा होऊ दे, माझी सुई जिथे जायची तिथेच जाते. त्यामुळे "मेळाव्यात आपलं इंजिन तू चालव" असं सासरे म्हणाले, तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "हॉर्न कुठंय?"

"हॉर्न नसतो, डॉक्टर. शिट्टी असते," बाबा म्हणाले आणि इंजिनावर फडकं फिरवत बसले.

हे वाफेवरचं आगगाडीचं इंजिन म्हणजे कपाटात ठेवायचं खेळणं नव्हे. उंची माझ्या गुडघ्याइतकी, पण काम अस्सल. चमच्याएवढ्या फावड्यानं आत कोळसा टाकायचा, पाणी उकळायचं, वाफ धरायची आणि मागच्या छोट्या डब्यांवर चार मोठी माणसं बसवून ओढायची. बाबा जन्मभर कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर होते. निवृत्त झाले त्याच आठवड्यात मागच्या खोलीत लेथ आला आणि पुढची अकरा वर्षं आमच्या घरात जेवायच्या ताटाशेजारीसुद्धा लोखंडाचा कीस सापडायचा. अशी इंजिनं करणाऱ्यांचा एक क्लब आहे. वर्षातून एकदा शनिवार-रविवार ते सगळे एका बागेत जमतात. यंदा बाबांचं इंजिन पहिल्यांदा तिथल्या रुळावर उतरणार होतं.

"पण मग तुम्हीच चालवा ना!" माझा नवरा म्हणाला.

"मी शिकवणार," बाबा म्हणाले. "शिकवणाऱ्यानं चालवायचं नसतं."

मी अर्थ लावला की बाबांना माझ्या हातांची किंमत कळली. पोटच्या मुलाला सोडून सुनेला मान! तीन आठवडे मी नवऱ्याकडे जरा वरूनच बघत होते.

त्या तीन आठवड्यांत बाबांनी मला अंगणात सगळं शिकवलं. इंजिनाच्या पाठीला पेन्सिलीएवढी काचेची नळी असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी खाली गेलं की शेजारचा हातपंप मारायचा. पाणी संपलं आणि खाली आग तशीच राहिली, तर बॉयलर करपतो. अकरा वर्षांची मेहनत एका मिनिटात खाक! म्हणून बाबा सारखे विचारायचे, "काचेत पाणी किती?"

"अर्धं."

दोन मिनिटांनी पुन्हा, "काचेत पाणी किती?"

"अर्धंच आहे, बाबा."

मला वाटलं, परीक्षा चाललीय. चांगल्या विद्यार्थ्यानं नुसतं उत्तर देऊन थांबू नये, म्हणून मी प्रत्येक उत्तराबरोबर पंपाचे दोन हात मारायला लागले. तेवढीच हुशारी दिसते!

शनिवारी सकाळी बागेत पोचलो, तर जिकडेतिकडे गुडघे टेकलेली म्हातारी माणसं. कोणी इंजिनाला तेल पाजतंय, कोणी चाकाशी कान लावून बसलंय. कोळशाचा धूर, गरम तेलाचा वास आणि मध्येच एखादी बारीक शिट्टी. क्लबचे चिटणीस म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला चार पेनं. नवीन इंजिनाच्या पहिल्या फेरीला ते स्वतः मागे बसून परीक्षा घेतात.

"बाई चालवणार?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर चालवणार," बाबा म्हणाले. माझी कॉलर ताठ!

मी पुढे, माझ्यामागे बाबा आणि त्यांच्यामागे चिटणीस, असे आम्ही घोड्यावर बसल्यासारखे पाय टाकून बसलो. नवरा फलाटावर मोबाइल रोखून उभा. मी शिट्टी वाजवली, दांडा हलकेच ओढला आणि काय सांगू! त्या एवढ्याशा जिवानं फुस्स केलं आणि आम्हा तिघांना ओढत निघालं. मागे बाबांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"काचेत पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्याच्या वर!" दोन हात पंप.

वळण आलं. "पाणी किती?"

"भरपूर!" दोन हात पंप.

झाडाखालून गेलो. "पाणी बघितलंस?"

"हो हो!" पुन्हा दोन. खरं तर तेव्हा मी नवऱ्याच्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

दुसऱ्या फेरीत मागून चिटणीस ओरडले, "अहो, हे काय!" मी वळून बघितलं. त्यांच्या शर्टावर काळे ठिपके! आमच्या धुरांड्यातून वाफेबरोबर काजळीचं पाणी उडत होतं. बाबांच्या टोपीनं बाबांना वाचवलं होतं. मी मात्र नखशिखांत शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी दिसत होते, पण ते मला नंतर कळलं. फलाटावर नवरा पोट धरून हसतोय तो आनंदानं, असं समजून मी त्याला हात केला!

"आवाज बदललाय," बाबा एकदम म्हणाले. "थांबव. काचेत पाणी किती?"

मी गाडी थांबवली आणि या वेळी खरंच वाकून बघितलं. काच नितळ. पाण्याची रेघच नाही!

"बाबा, काच मोकळी आहे."

"मोकळी म्हणजे? पूर्ण भरलीय की पूर्ण रिकामी?"

"दोन्हीत फरक काय दिसतो?"

"काहीच नाही! म्हणून तर रेघेवर नजर ठेवायची असते!"

माझ्या तळहातांना घाम फुटला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "बाबा, तुम्हीच बघा ना."

बाबा उतरले. इंजिनापाशी गुडघे टेकून बसले, नाक काचेला जवळजवळ चिकटवलं. मग त्यांनी बोट पुढे केलं. बोट काचेच्या दोन इंच डावीकडे हवेत फिरलं, थबकलं, पुन्हा फिरलं. ज्या माणसानं ती नळी स्वतः कापली, स्वतः बसवली, तो माणूस ती शोधत होता.

"डॉक्टर," ते अगदी हळू म्हणाले, "मला दिसत नाही."

तीन आठवडे कसली परीक्षा आणि कसलं काय. ते मला पाणी विचारत होते, कारण त्यांना पाणी माहीत नव्हतं! आणि मी 'हो हो' म्हणाले होते, कॅमेऱ्याकडे बघत.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"शंका आली की आग पाडायची. खालची पिन ओढ."

मी पिन ओढली. जाळी निसटली, लालभडक निखारे रुळांमधून खाली पडले. खाली वाळकं गवत! गवतानं पेट घेतला, चिटणिसांनी थर्मासमधला चहा ओतला, तो पुरेना. "आग! आग!" कोणीतरी ओरडलं. सगळीकडून बादल्या घेऊन म्हातारे धावत आले. पाऊण बादली गवताला मिळाली, बाकीच्या सगळ्या मला! आमच्यामागे रुळावर सहा इंजिनं अडकली आणि एकेकाच्या डोक्यावरून वाफ उसळायला लागली. स्वयंपाकघरात सहा कुकर एकदम चढवले आणि गॅस बंद करणारं घरात कोणी नाही, असा तो प्रकार!

क्लबची बॉयलरतपासणी एका बेकरीवाल्याकडे असते. इंजिन जरा निवल्यावर ते आले. बाबा बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून, न्यायाधीशासमोर उभं राहावं तसे. बेकरीवाल्यांनी उभ्याउभ्याच बुटाच्या टोकानं खालची तोटी उघडली. पाणी आलं. येतच राहिलं. त्यांचे बूट भिजले तरी येतच राहिलं.

"बाई," ते म्हणाले, "हा बॉयलर आहे की घरावरची टाकी? गळ्यापर्यंत भरलाय! धुरांड्यातून पाणी उडेल नाही तर काय?"

बॉयलर ठणठणीत होता. माझ्या हुशारीच्या दोन-दोन हातांनी तो बुडाला होता, जळला नव्हता. बाबा मटकन गवतावर बसले आणि रडतायत की हसतायत ते मला कळेना. नवरा मोबाइल खिशात घालून त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

"बाबा, कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. सांगितलं असतं तर तुम्ही लेथ बंद केला असता."

नवरा खाली बघत गवत उपटायला लागला. कारण आम्ही केला असता.

मग चिटणीस, ठिपक्यांच्या शर्टात, घसा खाकरून म्हणाले, "आता निघालाच आहे विषय, तर सांगतो. मला शिट्टी ऐकू येत नाही. वाफ दिसली की 'वाजली' असं लिहितो."

बेकरीवाले बुटातलं पाणी ओतत म्हणाले, "मी खाली बसलो तर मला उठवायला दोन माणसं लागतात. दोन वर्षं मी बॉयलरचं पोट बघितलेलं नाही."

मग जो हशा पिकला तो थांबेना. त्यानंतर मात्र कोणीही न सांगता कामं बदलली. कान चांगले असलेले शिट्टीपाशी गेले, गुडघे चांगले असलेले खाली वाकले. रविवारी आम्ही पुन्हा आग पेटवली, बाबांना मागे बसवून चार फेऱ्या मारल्या आणि कोणाचाही शर्ट खराब झाला नाही.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू दाखवले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दुपारी बाबा घरी आले ते थेट मागच्या खोलीत. इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही तांबडी रेघ कोणी मारलीय? सापासारखी वाकडी!"

"तुम्हीच, बाबा. मागच्या वर्षी."

"आणि तुम्ही सगळे वा वा म्हणत होतात?"

नवऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग बाबा माझ्याकडे वळले. चष्मा वर केला, खाली केला आणि लेथवरचा तुकडा तपासावा तसं मला निरखत म्हणाले, "डॉक्टर, तू इतकी दमलेली कधीपासून दिसायला लागलीस?"

घरात दोन धडधाकट डोळ्यांची माणसं असताना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. रोज आरशासमोर उभं राहूनही मीसुद्धा नाही. मी त्यांचा चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हटलं,

"बाबा, ऑपरेशन ताजं आहे. सुरुवातीचे दोन-चार दिवस असंच दिसतं म्हणे!"