ऐकणारा झोपला पाहिजे

दुसरीच्या बाईंना मूल चुकीचं वाचायला लागलं की गप्प बसवत नसे. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. सगळी नोकरी चुका दुरुस्त करण्यात गेलेली, जीभ आता त्यांचं ऐकेनाशी झाली होती. रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा त्या जाता जाता सुधारून वाचत. घरी नवरा पेपर मोठ्याने वाचायला लागला, की बाई त्यालाही सुधारत आणि तो दुसऱ्या ओळीलाच निमूटपणे घडी घालून पेपर बाजूला ठेवी. वर्गातही तीच गत. मूल उभं राहायचं, पहिला शब्द काढायचं, दुसऱ्याशी झटापट करायचं, तोवर पुढचं अख्खं वाक्य बाईंनीच वाचून टाकलेलं असायचं. मूल खाली बसायचं. वाचनाचा तास संपायचा आणि बाईंचा घसा बसायचा.

अशात प्रशिक्षण झालं. "मूल वाचताना मध्ये बोलू नका," तिथल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या. "मुलाला तपासणारा नको असतो, ऐकणारा हवा असतो. वर्गात एक ऐकणारा बसवा."

"तो आणायचा कुठून?" बाईंनी विचारलं.

"स्थानिक पातळीवर उपलब्ध करून घ्या."

स्थानिक पातळीवर बाईंचे सासरे उपलब्ध होते. ते दिवसभर घरी एकटे असत, गॅसवर दूध ठेवून विसरून जात. शाळेत नेलं तर निदान घर शाबूत राहील, असा हिशेब करून बाईंनी त्यांना खिडकीपाशी हातांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः वह्या तपासत मागे बसल्या. पहिला मुलगा वाचायला लागला. चौथ्या ओळीला आजोबा झोपले. मुलगा एका शब्दावर अडला, तसे ते जागे झाले. "काय झालं?"

"काही नाही, आजोबा."

मुलगा पुन्हा वाचायला लागला, आजोबा पुन्हा झोपले. धावत्या गाडीत माणूस डुलक्या घेतो आणि गाडी थांबली की दचकून उठतो, तसला हा प्रकार. पोरांनी त्यातून नियम काढला, तोही बाईंना न विचारता. न अडखळता वाचलं की आजोबा झोपतात, अडखळलं की उठतात. म्हणजे आजोबांना झोपवील तो खरा.

मग काय विचारता. पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांवर सराव करू लागली. "माझ्या वेळी घोरले," असं एकजण सांगायचा, तर दुसरी म्हणायची, "तुझ्या वेळी नुसती मान पडली होती, मी बघितलंय." पालकही तक्रार घेऊन आले. "बाई, आमची कार्टी रोज संध्याकाळी वाचून बापाला झोपवते हो. जेवायला उठवता उठवता नाकी नऊ येतात." वर्ग वाचत होता, बाई गप्प होत्या, सगळं छान चाललं होतं.

फक्त आजोबांची झोप शाळेतच पुरी होत होती. रात्री ते टक्क जागे. भांड्यांच्या जागा बदलत, कपाटं आवरत आणि मधूनच दारावर टकटक करत. "सूनबाई, झोपलीस का?"

"नाही, बाबा."

"मग बरं झालं. मला वाटलं, झोपमोड झाली की काय."

बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. फळ्यावर लिहिताना त्या खडू टेकून उभ्याच राहत. पण आजोबांना घरी ठेवायची सोय नव्हती, कारण वर्गात कापूस होती. या मुलीचा आवाज इतका मऊ, म्हणून पोरांनीच हे नाव ठेवलेलं. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी तिला एका वाक्यात तीनदा टोकलं होतं. त्या दिवसापासून तिनं जे तोंड मिटलं, ते मिटलंच. आता ती वाचायची, पण फक्त आजोबांपाशी, तेही ते घोरायला लागल्यावर, त्यांच्या कानाशी लागून. बाई जवळ आल्या की पुस्तक बंद. ही मुलगी आपल्यामुळे मुकी झाली, हे बाईंना रोज लागायचं.

मुख्याध्यापक म्हणाले, "तपासणीला साहेब येणार आहेत. तिनं त्यांच्यासमोर वाचलं तर ठीक. नाहीतर पुढच्या आठवड्यापासून तिला पहिलीत बसवू."

"सर, तिला येतं वाचायला."

"तुम्ही ऐकलंय?"

बाईंनी ऐकलं नव्हतं.

"आणि हो, त्या दिवशी सासऱ्यांना आणू नका. साहेबांना काय वर्गात झोपलेला माणूस दाखवायचा?"

तपासणीच्या दिवशी बाईंच्या नवऱ्यानं रजा काढली आणि आजोबा घरी राहिले. वर्गाचा चेहरा उतरला. "मग वाचून दाखवायचं कुणाला?" असं प्रत्येकानं एकदा तरी विचारलं. साहेब आले ते जेवणानंतर, दोन शाळा उरकून. मुख्याध्यापकांनी त्यांना स्वतःची गादीची खुर्ची दिली आणि चहाचं बघायला गेले. दोन-तीन मुलांनी बरं वाचलं. मग साहेबांनी यादीवर बोट ठेवलं आणि कापूस उभी राहिली.

तिनं पुस्तक उघडलं आणि लगेच बंद केलं.

"वाच बाळ," साहेब म्हणाले.

कापसानं बाईंकडे बघितलं. "बाई, कुणी झोपलेलं नाहीये."

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

हे समजावून सांगण्याइतकं बाईंच्या अंगात त्राण नव्हतं. त्या उठल्या, खिडकीपाशी आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसल्या, मान मागे टेकली आणि डोळे मिटले. नुसतं सोंग करायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. "हं, वाच," त्या म्हणाल्या. त्यापुढचं त्यांना काही आठवत नाही.

जाग आली ती चमचा खाली पडल्याच्या आवाजानं. दारात मुख्याध्यापक चहाचा ट्रे घेऊन थिजले होते. अख्खा वर्ग ओठांवर बोट ठेवून बसला होता. साहेबांची हनुवटी छातीवर टेकलेली, पेन जमिनीवर.

"हळू, सर," पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली. "कापसानं दोघांना एकदम झोपवलंय."

साहेबांनी डोळे उघडले, पेन शोधलं आणि घसा साफ केला. "वा. छान ओघ आहे. डोळे मिटून ऐकलं की ओघ नीट कळतो."

"साहेब, तिनं सगळं वाचलं का?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे? तुम्ही नाही ऐकलंत?"

"ऐकलं ना," बाई म्हणाल्या.

"मीही ऐकलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहणं टाळलं. साहेबांनी शेरा लिहिला, 'वाचन उत्तम', आणि गरम चहा दोन घोटांत संपवून निघाले. कापूस दुसरीतच राहिली.

शाळा सुटली. पोरं गेली. कापूस आईची वाट बघत थांबली होती. बाई वर्ग आवरत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. खिडकीबाहेरून जाणाऱ्यानंही आज हिचं वाचन ऐकलं असेल, आणि वर्षभर ज्यासाठी जीव टाकला, ते आपण घोरण्यात घालवलं, या विचारानं त्यांना रडू येऊ घातलं होतं.

"कापूस, मला वाचून दाखवशील?"

तिनं बाईंच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "तुम्ही जाग्या आहात."

"मग काय झालं? जागेपणी नीट ऐकेन."

"नको," ती म्हणाली.

बाई खुर्चीत जाऊन बसल्या. डोळे मिटले, मान पडू दिली, थोडं थांबून बारीक घोरायला लागल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पुस्तकाचं पान उलटलं आणि कानाशी तो मऊ आवाज सुरू झाला. एक होती खार, ती झाडावर राहत होती. बाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला. तिसऱ्या ओळीला कापूस एक शब्द चुकली. बाईंची जीभ सवयीनं टाळूला लागली, ओठ अर्धवट उघडले.

आणि बाई जरा मोठ्यानं घोरल्या.