बाकांचं तोंड कुणीकडे?

"या वेळी आमचं भांडण होणार नाही म्हणजे नाही! हवं तर लिहून देतो!"

साहेब आरशाला बजावत होते. एका गालावर फेस, दुसरा गाल नुकताच कापलेला. अशा अवस्थेत माणसानं प्रतिज्ञा करू नये. पण साहेबांना तेवढा पोच कुठला!

"द्याच लिहून," बायको दारातून म्हणाली. "मागच्या वेळी तोंडीच होतं."

साहेब म्हणजे महापालिकेच्या उद्यान खात्यातले उपअभियंता. आणि भांडण ज्यांच्याशी व्हायचं नव्हतं, त्या त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, ताई. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि त्यांनी लगेच नदी स्वच्छ करणारी एक संस्था काढली. कुणाला तरी रांगेत उभं केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. शहराचा नदीकाठ तेव्हा असा होता, की तिथं गेलेला माणूस नाक धरून परत यायचा. जुने टायर, फाटक्या गाद्या, एक अख्खं कपाट! ताईंच्या स्वयंसेवकांनी वर्षभर खपून ते सगळं उपसलं. शेवटी महापालिकेलाच लाज वाटली आणि तिनं संस्थेशी भागीदारीचा करार केला. फरशा, दिवे, बाकं महापालिकेची. झाडं, रंग आणि उत्साह संस्थेचा.

करारात एक कलम मोठं नामी होतं. जागेवर एका वेळी एकच टोळी! सकाळी महापालिकेचे मजूर, संध्याकाळी संस्थेचे स्वयंसेवक. म्हणजे कुणाच्या पायावर फरशी पडलीच, तर फरशी कुणाची आणि पाय कुणाचा, हा वाद नको.

आयुक्तांनी मात्र दोघांनाही समोर उभं करून सांगितलं होतं, "रविवारी उद्घाटन. तोवर काठ बसण्याजोगा झाला नाही, तर मी तिथं वाहनतळ करणार. गाड्यांना बाकं लागत नाहीत, आणि गाड्या आपसात भांडत नाहीत!"

ताई त्या दिवशी घरी जाऊन जेवल्या नव्हत्या. वर्षभर उपसलेल्या काठावर मोटारी उभ्या राहणार, या कल्पनेनंच त्यांचा घास अडला होता. म्हणून तर साहेबांनी आरशापुढं प्रतिज्ञा केली होती.

ती सोमवारी दुपारपर्यंत टिकली.

झालं असं, की बाकं आली. ओतीव लोखंडाचे पाय, सागवानी फळ्या, दोन माणसांनी उचलावीत अशी वजनदार. साहेबांच्या मजुरांनी ती कार्यालयाच्या नकाशाबरहुकूम मांडली. ताई बघायला आल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"बारक्या, हे काय?"

साहेबांचं वजन ऐंशी किलोच्या पुढं होतं. मुकादमासमोर कुणी 'बारक्या' म्हटलं, की त्यांचा रक्तदाब नदीच्या पुरासारखा चढायचा.

"बाकं आहेत, ताई."

"ते दिसतंय मला. यांचं तोंड रस्त्याकडे का?"

"नियम आहे. पाठ पाण्याकडे, तोंड रस्त्याकडे. कोण येतं, कोण जातं, ते बसणाऱ्याला दिसावं. सुरक्षितता!"

"नदीकाठी येऊन माणसानं काय बसगाड्या मोजायच्या? तोंड पाण्याकडे कर."

"नियम म्हणजे नियम!"

"लहानपणी ताटाकडे पाठ करून जेवायचास, तोही नियमच होता का रे?"

मुकादमानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे मात्र हसत होते. साहेब तडक गाडीत जाऊन बसले, आणि तेव्हापासून दोघांत अबोला सुरू झाला.

संध्याकाळी साहेब घरी आले ते तोंड पाडून. बायकोनं पुढ्यात चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "अहो, मोठ्या आहेत त्या. तुम्ही घ्या ना माघार. फिरवा बाकं पाण्याकडे. आणि मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका हं."

साहेबांनी चहा बशीत ओतून एक भुरका मारला. मग म्हणाले, "बरं!" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, की त्यामागं वादळ शमलेलं असायचं.

इथवर सगळं छान होतं. पण बायकोच्या अंगात त्या दिवशी शहाणपण जरा जास्तच संचारलं होतं. साहेब आंघोळीला गेल्याबरोबर तिनं ताईंना फोन लावला.

"वन्सं, लहान आहेत हो ते. कार्यालयात त्यांचाही मान राहायला हवा. तुम्हीच घ्या ना माघार. आणि मी सांगितलं म्हणून बोलू नका हं."

पलीकडून ताईही म्हणाल्या, "बरं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मुकादमाला हुकूम सोडला, "सगळी बाकं पाण्याकडे!" मजुरांनी घाम गाळून ती फिरवली. साहेब मनातल्या मनात ताईचा उजळलेला चेहरा बघत कार्यालयात गेले.

ताई संध्याकाळी स्वयंपाकघरातूनच फोनवर स्वयंसेवकांना म्हणाल्या, "बाकांचं तोंड रस्त्याकडे हवं. साहेबांची इच्छा आहे. कुठं पाण्याकडे दिसलं, तर फिरवा!" सगळीच पाण्याकडे होती. स्वयंसेवकांनी गाणी म्हणत म्हणत सगळीच फिरवली.

बुधवारी सकाळी साहेब काठावर आले आणि थबकले. बाकांनी पुन्हा त्यांच्याकडे तोंड केलेलं!

"मुकादम, हे कुणी केलं?"

"ताईंच्या माणसांनी, साहेब."

"म्हणजे मी तिच्या मनासारखं केलं, तर तिनं ते परत केलं?" साहेबांचा आवाज कापरा झाला. "नाकारलं! दिवाळखोराचा धनादेश परत यावा, तशी माझी माघार परत केली! लाव रे माणसं. फिरवा पुन्हा पाण्याकडे! बघतोच, कशी घेत नाही ती माझी माघार!"

संध्याकाळी ताई स्वतः आल्या. बाकं पाण्याकडे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"बघा! मी त्याचा मान राखला, तर यानं तो माझ्या तोंडावर फेकला. लहानपणापासूनच असा! स्वतःला हवं ते दिलं, तरी रुसणार. फिरवा रस्त्याकडे! मान घ्यायला लावल्याशिवाय सोडायची नाही मी त्याला!"

असं भांडण तुम्ही पाहिलंय का कधी? जो तो दुसऱ्याच्या मनासारखं करण्यासाठी इरेला पेटलेला! गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. सकाळी बाकं पाण्याकडे, संध्याकाळी रस्त्याकडे. मजुरांच्या पाठी धरल्या. मुकादम म्हणाला, "साहेब, आता बाकं आम्हाला बघूनच अंग चोरतात." स्वयंसेवकांपैकी अर्धे एकाएकी आजारी पडले. दोघा भावंडांच्या संयुक्त पाहणीशिवाय बोल्ट आवळायचे नाहीत, असंही करारातच होतं. आणि अबोला असताना संयुक्त पाहणी करायची कशी?

इकडे काठावर फिरायला येणारे लोक आपसात भांडू लागले होते. सकाळवाले म्हणायचे, बाकं नदीकडे आहेत. संध्याकाळवाले म्हणायचे, रस्त्याकडे. एका पेन्शनर आजोबांनी तर चष्म्याचा नंबर बदलून घेतला! शेवटी एका वार्ताहरानं दोन्ही वेळा येऊन पाहिलं, आणि शनिवारी पहिल्या पानावर छापून आलं, 'सकाळी नदी, संध्याकाळी शहर! फिरत्या बाकांचा अभिनव प्रयोग!'

ते वाचून साहेबांच्या हातातली बिस्किटं चहात पडली. तेवढ्यात फोन वाजला. आयुक्तांनी बोलावलं होतं. ताबडतोब!

"झालं!" साहेब खुर्चीत कोसळले. "गेला काठ! वाहनतळ होणार. ताई आता जन्मभर माझं तोंड बघायची नाही. आणि मी तर तिच्याच मनासारखं करत होतो गं!"

बायको पदराशी चाळा करत उभी होती. मग एकदम म्हणाली, "त्यासुद्धा तुमच्याच मनासारखं करत होत्या. मीच सांगितलं होतं."

"काय?"

"दोघांनाही."

रागवावं की पाया पडावं, ते साहेबांना कळेना. शेवटी त्यांनी ताईंना फोन लावला. अबोला सुटला तो असा:

"ताई, तू माघार घेतलीस?"

"तूही?"

"हो."

"मूर्खा, मग सांगायचं नाही?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. साहेबांनाही उगाचच खोकला आला. मग दोघं मिळून, मान खाली घालून, आयुक्तांच्या दालनात गेली.

आयुक्त खुर्चीतून उठले. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"शाब्बास!"

साहेबांनी एक डोळा उघडला.

"सकाळी माणसाला शांतता हवी, तेव्हा नदी. संध्याकाळी रहदारी बघायची, तेव्हा शहर. काय कल्पना आहे! मला सकाळपासून अभिनंदनाचे फोन येताहेत. वाहनतळ रद्द! मी वार्ताहरांना सांगून टाकलंय, की ही कल्पना आमचीच. बोल्ट अजिबात लावू नका. उद्या उद्घाटनाला नारळ नको नि फीत नको. तुम्ही दोघांनी माझ्यासमोर एक बाक फिरवून दाखवायचं!"

ताईंनी साहेबांचा हात घट्ट धरला. काठ वाचला होता! बाहेरच्या व्हरांड्यात त्या शाळेतल्या मुलीसारख्या टाळ्या पिटत होत्या. साहेबांना मात्र मुकादमाला हे कसं सांगायचं, याची चिंता पडली होती.

रविवारी काठावर ही गर्दी! आयुक्त, वार्ताहर, सकाळवाले, संध्याकाळवाले, नवा चष्मा लावून आलेले आजोबा. बाकाचं एक टोक साहेबांनी धरलं, दुसरं ताईंनी. इतके दिवस बाकं फिरवली होती ती दुसऱ्यांच्या पाठीवर. स्वतः उचलायची ही पहिलीच वेळ.

"पाण्याकडे घेऊ, ताई," साहेब कुजबुजले. "तुझ्या मनासारखं."

"छे छे! रस्त्याकडे. तुझ्या मनासारखं!"

"ताई, ऐक ना माझं!"

"मोठी मी आहे!"

एकानं इकडे ओढलं, दुसरीनं तिकडे. बाक गर्रकन अर्धवट फिरलं आणि दोघांच्या हातून निसटून धप्पकन खाली बसलं. ना पाण्याकडे, ना रस्त्याकडे! मधेच, आडवं, काठाच्या पार दुसऱ्या टोकाकडे तोंड करून. आजोबांनी नवा चष्मा काढून पुन्हा लावला.

मग आयुक्तांनी जोरात टाळी वाजवली.

"वा! आणि ही दुपारची दिशा! तिसरी! ऊन डोळ्यावर येत नाही बघा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकादम मागल्या मागं पसार झाला.

आता अडचण एवढीच होती, की सकाळ महापालिकेची आणि संध्याकाळ संस्थेची. दुपार कराराप्रमाणे कुणाचीच नव्हती. आयुक्तांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा ताईंकडे, आणि समाधानानं मान डोलावली.

तेव्हा तुम्ही कधी भर दुपारी त्या नदीकाठी गेलात, तर एक जाडजूड गृहस्थ आणि एक ताठ कण्याच्या बाई बाकं ओढताना दिसतील. दोघंही घामाघूम, आणि दोघंही एकमेकांना "तू म्हणशील तसं!" असं खेकसून सांगणारी. शेजारी एक बाई दोघांवर छत्री धरून उभी असते. मधे पडून एक अक्षरही बोलत नाही.