पांडूकाकांचं बसणं

आमच्या मुरबे गावात पांडूकाका, एके काळचे होडीवरचे तांडेल, कमरेला जाळ्याची दोरी गुंडाळून स्वतःला खुर्चीला बांधून बसले, की समजायचं, गावातलं कोणीतरी विमानात आहे.

विमान उतरल्याचा फोन येईपर्यंत काका खुर्ची सोडत नाहीत. जेवण ताटलीत, मांडीवर. मोरीपर्यंत जायची मुभा, कारण "इमानातबी उठू देतात." विमान उडताना आणि उतरताना मात्र दोरी आवळलेली.

परगावी जाणाऱ्याला काका अंतर विचारत नाहीत. विचारतात, "किती बसायचं?" दुबई म्हटलं की तोंड वाकडं करतात. "हॅ! दुबई ओट्यावर बसूनबी होते." लंडनला खुर्चीवर उशी लागते. गावातले लोक हसतात, पण घरातलं कोणी जाणार असलं की आधी काकांना सांगून येतात.

माझी नेहा नोकरीसाठी टोरांटोला निघाली तेव्हा मीही गेलो.

"किती बसायचं?"

"पंधरा-सोळा तास. साडेबारा हजार किलोमीटर."

काका हळूच म्हणाले, "मधी कुठं टेकत नाय?"

"नाही."

"बाबो!" त्यांनी हात जोडले. मला की विमानाला, कळलं नाही.

मध्यरात्री नेहाला विमानतळावर सोडून पहाटे परत आलो. घरात चैन पडेना, म्हणून काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते बांधलेले होतेच. मी फोनच्या नकाशात विमान बघत होतो. समुद्र सरला, वाळवंट सरलं, डोंगर सरले. इकडे काकांच्या अंगणात बोंबील वाळत होते आणि माझी पोर तेवढ्या वेळात देशामागून देश ओलांडत होती.

दुपार कलल्यावर मोठ्या समुद्रावर नकाशातलं विमान एकाएकी दिसेनासं झालं. मी फोन काकांपुढे धरला.

काकांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. "फोनातून गेलं. आबाळातून नाय गेलं."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. "होडीत आमच्याकडं फोन नव्हता. मी दर्यात असलो की सखू काठावर बसायची. एकदा वादळात वाट चुकलो. आलो, तर ती तितंच, तशीच. बोललो, बसून काय होते गं? ती बोलली, मी बसलं की तुमाला यायलाच लागते."

सखूकाकू जाऊन आता बरीच वर्षं झाली.

थोड्या वेळाने विमान पुन्हा दिसलं. दिवेलागणीला नेहाचा फोन आला, "बाबा, उतरले." काकांनी दोरी सोडली. उठवेना. मी हात दिला, तेव्हा गुडघे केवढ्याने वाजले!

"काका, तुम्ही एकदा विमानात बसाच. मी नेतो."

ते हसले. "मना भ्याव नाय रे. पन मी वर गेलो, तर माझ्यासाठी खाली कोन बसल?"

मी ओट्यावर परत टेकलो. काकाही शेजारी बसले. आता गावातलं कोणीच विमानात नव्हतं, तरी आम्ही दोघं बराच वेळ तसेच बसून राहिलो.