कपाटात नसलेली सतरा पुस्तकं

"मामा, तू आजवर एक तरी केस सोडवलीस का?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून भाचीनं शाळेच्या ग्रंथालयात सगळ्यांदेखत विचारलं.

"मी केस सोडवत नाही. केस मला शरण येते," स्वतःला गुप्तहेर म्हणवणारा मामा म्हणाला. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही." मघाशी 'ढकला' लिहिलेलं दार तो पाच मिनिटं ओढत होता, ते सोडून द्या.

झालं होतं असं. भाचीनं सुट्टीभर खपून ग्रंथालयाची वेबसाइट बनवली होती. तिच्यावर सतरा पुस्तकं 'कपाटात' दिसत होती आणि कपाटात नुसत्या फटी. उद्यापर्यंत उलगडा झाला नाही, तर मुख्याध्यापिका साइट बंद करणार होत्या. भाचीला दोन दिवस घास गोड लागत नव्हता.

मामानं फूटपट्टीनं फटी मोजल्या. "चोर जाडजूड पुस्तकंच उचलतो. म्हणजे व्यायाम करणारा आहे." खेळाच्या सरांचे दंड निरखायला तो मैदानावर गेला. सरांनी त्यालाच दोन फेऱ्या मारायला लावल्या.

"सर निर्दोष," तो धापा टाकत परतला. "आता माझा संशय वाळवीवर आहे."

"वाळवी पुस्तकं खाते आणि लाकडी कपाट सोडते?"

"चोखंदळ असते एखादी."

ग्रंथपाल बाईंनी मान वर केली. "ती पुस्तकं मुलींनी रीतसर नेलीत. सगळी मंगळवारनंतर. डेटाबेसमध्ये नोंद केलीय मी. मला कुणी विचारलंच नाही."

"मग साइट खोटं का बोलते?" भाची चक्रावली. "'कपाटात काय आहे?' हा प्रश्न दर वेळी नव्यानं जुळवायला नको, म्हणून सोमवारी मी तो गाठोड्यासारखा बांधून एका फाइलमध्ये ठेवला. नुसता प्रश्न."

"नुसताच ना? गाठोडं सोडून बघ," बाई म्हणाल्या.

तिनं सोडलं. साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी होती, त्या फ्रेमवर्कनं गाठोडं बांधताना आधी तो प्रश्न डेटाबेसला विचारला होता आणि आलेलं उत्तरही आत कोंबलं होतं. चार दिवस साइट सगळ्यांना सोमवारचं शिळं उत्तर वाढत होती. भाचीनं उत्तर काढून फक्त प्रश्न बांधला आणि पान उघडलं. सतराही पुस्तकांपुढे 'वाचकाकडे'.

"मला वाळवीपाशीच शंका आली होती," मामा म्हणाला.

घरी पोचल्यावर दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आत भाचीनं आईबाबांना सांगून टाकलं, "उद्या मी मुख्याध्यापिकांकडे जाणार. चोर कुणीच नाही, चूक माझी होती आणि ती मी दुरुस्त केलीय, असं सांगणार. साइट मीच चालवणार."

"मामाला ने सोबत," आई म्हणाली.

"तो येणार नाहीये. तेही मीच ठरवलंय."